पहिलं दंव पडायच्या आधी

प्रिय अनय,

आशीर्वाद. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस, शेवटपर्यंत वाच. फोनच केला असता, पण तुझ्याशी बोलायला लागले की तुझा बाप समोर येऊन पेपर उघडतो आणि तेच पान वाचत बसतो. कान इकडे.

दोन वर्षं झाली तुम्हा बापलेकांच्या अबोल्याला. डॉक्टरचा मुलगा इंग्लंडात येऊन बेसिंगस्टोकच्या रानात हरणं मारायची नोकरी करतो, हे तुझ्या बापाला, यशोधनला, महाराष्ट्र मंडळात सांगवत नाही. म्हटलं, अरे, हरणं माजलीत, कोवळी झाडं सोलून खातात, कोणीतरी कमी करायलाच हवीत. तर म्हणतो, आई, तुला काय कळतं. दर रविवारी कोंबडी चोपणाऱ्याला हरणाची दया आली!

यंदा नोव्हेंबर आला तरी थंडी नाही. पानं झडेनात, हरणं झाडीबाहेर येईनात, तू रिकाम्या हाताने परततोस, हे तूच सांगितलंस. आता टीव्हीवर म्हणतात, शुक्रवारी गोठवणारं दंव पडणार. वारा पडला की ती तिन्हीसांजेला शेताकडे उतरतील, आणि तुला उजेड सरायच्या आत उरकायचं. महिनाभराचं काम एका संध्याकाळी. त्या घाईचीच मला धास्ती.

गोळी चुकली तर मातीत रुतावी म्हणून हरणामागे मातीचा चढ असल्याशिवाय तू ती झाडत नाहीस ना? तर ऐक. तुझा बाप रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जातो म्हणे. आपल्या फुटपाथवर कुठला आलाय चिखल? बूट घोट्यापर्यंत भरलेले. काल तुझ्या आईने, आश्लेषाने, त्याची गाडी तुझ्या रानाच्या फाटकाशी पाहिली. मी धारेवर धरलं तेव्हा खाली मान घालून बोलला, त्या चढावर झाडाआड उभं राहिलं की पोरगा दिसतो. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. घालू दे. शुक्रवारी जाऊ नकोस म्हटलं, ऐकत नाही. निदान भडक जाकीट घाल म्हटलं, तर म्हणतो, हरणं बुजतील, त्याचं काम बिघडेल. उभाही वाऱ्याची दिशा बघून राहतो, त्यांना वास जाऊ नये म्हणून. आपलं फोनवरचं बोलणं ऐकून शिकलाय, शहाणा.

कोट मातकट आहे, अनय. चढावर काही हललं तर बंदूक खाली कर आणि मोठ्याने 'बाबा' म्हणून हाक मार. हरीण असलं तर पळेल. पळू दे.

तुझीच,
आजी