बाद ठरवलेला धूर

प्रति,
मा. संचालक,
हवा अंदाज केंद्र

विषय : उपग्रहाची बाद ठरवलेली मापने आजच्या अंदाजात धरण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : कक्षप्रमुखांनी आज सकाळी दिलेला तोंडी नकार.

महोदया,

मी अंदाज कक्षात कनिष्ठ विश्लेषक आहे. उपग्रहाने मोजलेला हवेतील धूर संगणकाच्या अंदाजाशी ताडून पाहणे हे माझे काम. दोन्हींत फार तफावत आढळल्यास मापन चुकीचे समजून बाद करावे, असा आपला नियम आहे. बाद मापनाच्या जागी संगणक स्वतःचाच अंदाज भरतो. किरकोळ चुकांसाठी हे ठीक आहे. मात्र हवा अचानक बिघडली, तर नेमकी तीच मापने आधी बाद होतात.

२. डोंगरापलीकडचे जंगल काल पेटले. संगणकाला हे ठाऊक नाही. काल तिथली मापने बाद झाली. आज बाद झालेला पट्टा डोंगर ओलांडून शहराकडे आला आहे. कक्षप्रमुख म्हणाले, "उपग्रहाला चष्मा लागलाय, त्याचं काय मनावर घ्यायचं." परंतु उपकरणातला बिघाड वाऱ्याच्या दिशेने, वाऱ्याच्याच वेगाने सरकत नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणते.

३. धूर अजून उंचावर आहे, म्हणून आकाश केवळ फिकट दिसते आणि केंद्राच्या गच्चीवरचे यंत्र जमिनीलगतची हवा उत्तम दाखवते. उद्या ऊन चढू लागले की वरची हवा खाली मिसळेल. त्याच वेळी शहरातल्या सर्व शाळांच्या धावण्याच्या शर्यती आहेत.

४. माझी थोरली बहीण त्यांपैकी एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तिने दुपारी फोनवर विचारले, "मुलांना मैदानावर नेऊ ना? हो की नाही तेवढंच सांग, बाकीचं विज्ञान घरी आल्यावर ऐकेन." अधिकृत अंदाजाखेरीज काही सांगण्यास आम्हांस मनाई आहे. मी अंदाज वाचून दाखवला : उत्तम. ती म्हणाली, "मग झालं तर. दम्याच्या पोरांनाही यंदा पळू देते."

५. तरी संध्याकाळचा अंदाज प्रसिद्ध होण्यापूर्वी बाद मापने धरण्यास परवानगी द्यावी. ते शक्य नसल्यास 'उत्तम' हा शब्द वगळून जागा कोरी ठेवावी. तेही शक्य नसल्यास मला बहिणीस पुन्हा फोन करू द्यावा. नकार आला तरी तो फोन मी करणार आहे. होईल ती कारवाई मान्य आहे. परंतु इतर शाळांत माझ्या ओळखीचे कोणी नाही.

आपल्या उत्तरासाठी दाराबाहेर थांबलेली,
(स्वाक्षरी)
कनिष्ठ विश्लेषक, दिवसपाळी

सोबत : कालचा व आजचा नकाशा. बाद झालेला पट्टा त्यांवर हिरवाच, म्हणजे 'उत्तम', दिसेल.