घोडेबाबाच्या शेताची निरवानिरव

मी, मनकर्णा ल्येव ओबारिन, वय सहासष्टच्या आसपास, धंदा शिवणकाम, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही, कोणाच्या गोड बोलण्याने लिहीत नाही. दोन्ही करून पाहिले गेले, ते पुढे येईल. मी शाळेत गेले नाही. दुकानांच्या पाट्या आणि रद्दीतली वर्तमानपत्रे वाचत अक्षरे शिकले. शुद्धलेखन चुकले असेल, अर्थ चुकलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

नवऱ्याचे नाव मी कधी घेतले नाही, साहेब म्हणत आले. कागदाला लागते म्हणून एकदा पूर्ण लिहिते: ल्येव दिमित्रियेविच ओबारिन, जन्माने रशियन, तिकडच्या बादशहाच्या घोडदळातले अधिकारी. ते १९६१ साली वारले. आमचे लग्न १९५५ साली नागपुरात नोंदले गेले. त्याआधीही आम्ही वीस वर्षे एकत्र होतो. तेव्हा लोक मला काय म्हणत, ते म्हणणाऱ्यांना आठवत असेल. आम्हाला मूल नाही.

एक. शिलाई मशीन, कात्र्या आणि कापडाची पेटी समोरच्या खोलीतल्या लतिकाला. तिचा नवरा तिला न्यायला आलाच, तर तिने जावे की नाही हे तिने ठरवावे, पण मशीन जाणार नाही.

दोन. पुस्तके गल्लीतल्या वाचनालयाला. त्यांतली बरीचशी रशियावरची आहेत. साहेब सांगत ते खरे की खोटे, हे पाहायला मी ती वाचली. बहुतेक खरे निघाले.

तीन. थोरल्या बहिणीचा मुलगा मारोतराव, राहणार पारशिवनी, याला पितळी हंडा आणि पलंग. अधिक काही नाही. का, ते पुढच्या कलमात आहे.

चार. पारशिवनीजवळचे शेत. हे शिवणाच्या कमाईतून मी १९४८ साली घेतले. स्वकष्टार्जित आहे, त्यावर माहेरच्या कोणाचा हक्क नाही. त्याचे काय करायचे हे सांगण्याआधी त्यात कोण पुरले आहे ते सांगणे भाग आहे.

साहेबांचे घराणे तिकडचे जहागीरदार. अठराव्या वर्षी पलटणीत गेले. जर्मनांशी लढाई झाली तेव्हा मांडीत गोळ्याचे तुकडे घेऊन तोफेपर्यंत घोडा नेला, म्हणून बादशहाचे पांढरे पदक मिळाले. पदक खरे आहे. बादशाही बुडाल्यावर ते सैबेरियात लाल फौजेशी लढले, हरले, आणि उरलेल्या माणसांबरोबर बर्फाचे डोंगर ओलांडून गिलगिटकडे उतरले. वाटेत स्वतःचा घोडा कापून खाल्ला. पुढे कामठीच्या छावणीत घोड्यावर बसायला शिकवत, मग आमच्याकडच्या मालगुजाराचे घोडे सांभाळत.

घोड्यांसाठी ज्वारी घ्यायला ते माझ्या वडिलांकडे आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. वडिलांनी जमिनीतले पेव उघडले. खड्ड्यातले धान्य दिसताच साहेब पांढरे पडले आणि मातीतच बसले. आम्हाला वाटले, पेवातली कोंदट हवा लागली. खरे कारण मला लग्नाआधी त्यांनीच सांगितले. सैबेरियात एका गावाने फौजेपासून धान्य लपवले होते, असेच, खड्ड्यांत. साहेबांनी गावातले पुरुष एका कोठारात घातले, बाहेरून कडी लावली आणि आग लावायचा हुकूम दिला. मी विचारले, माणसे किती होती? म्हणाले, मोजली नाहीत.

हे ऐकूनही मी त्यांच्याबरोबर राहिले. माझ्याशी ते कधी वाईट वागले नाहीत. या दोन गोष्टींचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

ते गेले तेव्हा घाटावर म्हणाले, हा किरिस्ताव. दफनभूमीत म्हणाले, हा आमच्या पंथाचा नाही. म्हणून मी त्यांना माझ्या शेतात पुरले. जिवंतपणी ते लोकांच्या बैलांचे खूर पाहून देत. मेल्यावर कोणीतरी आजारी बैलासाठी तिथे नारळ फोडला आणि बैल उठला. मग मातीचे घोडे आले. मारोतरावने टिनाची शेड टाकली, झेंडा लावला, दानाची पेटी ठेवली. साहेबांचा घोडेबाबा झाला.

यंदा आखाडात मजुरीला येणाऱ्या गोपिकाची पोर तारा तापाने फणफणली. दवाखान्यात न नेता तिला शेडमध्ये निजवले. ती तिथेच गेली. गोपिका मला म्हणाली, "नवसात माहीच काही चूक झाली असन, बाई."

मी मारोतरावला बोलावून शेड काढायला सांगितली.

"मावशी, तू काहून आडवी येऊन राहिली वं? लोकाईले गुण येते. मावसाजी एवढे लढवय्ये, राजघराण्यातले. अशा माणसाची जागा राखा लागते."

"तुह्या मावसाजीनं शेतकरी जाळले, मारोत. आपल्यावाणी माणसं. पेवात धान लपवलं म्हणून."

तो म्हणाला, "ते तिकडचे लोक होते वं. आपल्याले काय त्याचं?"

त्यानंतर शेत लिहून दे म्हणून आधी मिठाई आली, मग धमकी. मी हा कागद घेतला.

साहेबांची स्वतःची इच्छा मी इथे नोंदवते. शेवटच्या दुखण्यात ते त्यांच्या मोडक्या बोलीत म्हणाले होते, "मनकर्णा, पत्थर नाही. ऊपर ज्वारी पेरो." माझ्याने ती जागा नांगरवली नाही. आता नांगरली पाहिजे.

अर्ध्या पिकाच्या बटईने शेत करणाऱ्या धोंडबाला मी ते देऊ केले. तो कानाला हात लावून म्हणाला, "मढ्यावर नांगर? नाही बाई, मले पाप लागन. शेतही नको." मग मी गोपिकाला बोलावले आणि कोठार, कडी, आग, सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले:

"त्याईच्यात लेकरं होते काय वं बाई?"

"माहीत नाही. त्यानं पाह्यलं नाही."

"बैल धोंडबाचे लागतीन," ती म्हणाली. "कासरा मी धरतो."

म्हणून हे शेत मी गोपिकाला देत आहे, पूर्ण मालकीने. अट एकच: माझ्यानंतरच्या पहिल्या हंगामात शेड, झेंडा, पेटी काढून सगळे शेत एकसारखे नांगरावे आणि ज्वारी पेरावी. बांध, दगड, खूण, काही ठेवू नये. मारोतराव आडवा आला तर बाबाराव वकिलांनी कोर्टात उभे राहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांच्याकडे आहे.

पाच. पदक शेतात ठेवायचे नाही, मारोतरावला द्यायचे नाही. मला जाळावे आणि माझ्या अस्थींबरोबर ते कन्हान नदीत सोडावे.

सहा. गोपिकाला एक सांगणे. नांगर घालताना हात आखडू नकोस. खड्डा मी काठावर उभी राहून खणवला होता, पुरुषभर खोल. फाळ त्यांना लागणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचून पाहिला, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मनकर्णा ओबारिन

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. भैयाजी, शिंपी, महाल (सही)
२. धोंडबा, मुक्काम पारशिवनी (डाव्या अंगठ्याची निशाणी, मजकूर वाचून दाखवला)

नागपूर, ९ डिसेंबर १९७४