कापलेला दोर

कॅरी, अमेरिका, रविवार, १० ऑक्टोबर २००४, संध्याकाळ

मी सांगतेय, सूनबाई मेधा लिहितेय. तिचं अक्षर मोत्यासारखं म्हणे. मला मुंग्याच दिसतात.

आज समुद्राकाठच्या म्युझियममध्ये बुडालेल्या शिडाच्या जहाजाचा दोर पाहिला. टोक सरळ कापलेलं. आमचा अजय गाईडला ऐटीत सांगायला लागला, "माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, वादळातून गलबत आणलं, सात माणसं वाचवली. मागच्या होडीचा दोर तुटला, त्यात त्यांचा भाऊ तेवढा गेला."

पण तसं नव्हतं झालं.

गलबत परत आलं तेव्हा तो दोर मी पाहिला होता. टोक असंच, सरळ. पाण्याने भरलेली काकांची होडी गलबताला खाली ओढत होती, म्हणून बाबांनीच कोयता घातला. आणि काकू, दोर कच्चा होता समजून, मरेपर्यंत दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याला शिव्या देत राहिली. त्याचा दोर पुन्हा कोणी घेतला नाही.

मेधाचं पेन थांबलं. "आई, हे लिहू?"

"रोज माझी गुडघेदुखी लिहितेस, आज हे लिही."

"आणि अजयला कोण सांगणार?"

गॅरेजचं दार वाजलं. आला वाटतं.

म्हटलं, "माझी जीभ रेटत नाही गं. वही टेबलावर उघडी ठेव, आणि त्याला चहा दे."