लाल थर

नागपूर, ता. ५ डिसेंबर १९५४

ती. कुंताआत्यास गोपिकेचा शि. सा. न. वि. वि.

भूगर्भशास्त्राच्या वर्गात मी एकटीच मुलगी, हे तुला ठाऊक आहेच. नाताळात आमचा वर्ग दगड पाहायला डोंगरात जाणार आहे. मला मात्र सरांनी बोलावून सांगितलं, की तंबूत मुलीची सोय होणार नाही, तू पुस्तकातल्या आकृत्या नीट काढ. आकृत्या काढून काढून बोटं काळी झाली, आत्या, पण जमिनीच्या पोटातला थर मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. तुझ्या शाळेची विहीर खणायला घेतलीय ना? सुटीत येऊ का? बाबांना तेवढं तूच विचार. मी विचारलं तर ते चष्मा काढून पुसत बसतात, आणि ते म्हणजे नाहीच.

तुझी लाडकी भाची,
गोपिका

बोरखेडी, ता. ११ डिसेंबर १९५४

चि. गोपिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सिंदीला जाऊन दादाला गाठलं. स्टेशनात पार्सलं चढवून घेत होता. "पोरीले कालेजात धाडली, विहिरीत नाई," म्हणाला. माझ्याजवळ राहील म्हटल्यावर कसाबसा तयार झाला.

विहीर खणतात पुनाजी आणि त्याची बायको रुखमा. गोंड आहेत, आपसात त्यांच्या भाषेत बोलतात, आपल्याशी आपल्या. पुनाजी म्हणाला, "येऊ द्या, पण लुगडं खोचून येजो म्हणा." तर ये. पंधरा हात खणून झालं, अजून ओल नाही. माझी पोरं नाल्याचं गढूळ पाणी पितात आणि आठवड्याला दोघं-तिघं तापानं घरी बसतात.

तुझी वाट पाहणारी,
कुंताआत्या

बोरखेडी, ता. २९ डिसेंबर १९५४

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. रुखमाबाईंनी मला दोराला बांधलेल्या पाळण्यात बसवून विहिरीत खाली सोडलं. काळी माती, मुरूम, मग काळा पाषाण. पुस्तकातली आकृती नाकासमोरून वर सरकत गेली.

पण बाबा, माझ्या हातून फार वाईट झालं. सरपंच आनंदराव विहिरीवर आले होते. त्यांनी विचारलं, आणि मी फुशारकीनं सांगून बसले, की असल्या अखंड दगडात पाणी नसतं. दुसऱ्या दिवशी काम बंद! कॉलेजची पोरगी सांगते म्हटल्यावर पुनाजीचं कोण ऐकणार? त्यानं दगड फोडायची लोखंडी सब्बल पुसून ठेवून दिली. रुखमाबाई मात्र मला हाताला धरून नाल्यापलीकडच्या जुन्या विहिरीवर घेऊन गेल्या. तिथे त्याच दगडाखाली वीतभर लाल माती आहे, आणि तिच्याखालच्या जाळीदार दगडातून पाणी झिरपतं. "दगड सरला नाई, अन् तू बोलून मोकळी," एवढंच म्हणाल्या.

नाल्याच्या तळाची पातळी धरून मी दोन्ही विहिरींत दोरीनं मोजलं. शाळेच्या विहिरीत लाल थर आणखी चार हातांवर यायला हवा. रविवारी पंचायत बसते आहे. माझं चुकलं, हे सगळ्यांसमोर सांगायचं आहे. कॉलेज त्याच्या आधीच उघडतं. चार दिवस जास्त राहू द्याल का?

आपली आज्ञाधारक,
गोपिका

सिंदी (रेल्वे), ता. ३० डिसेंबर १९५४

चि. गोपिकेस आशीर्वाद.

तुझं पत्र आणणारा तानबा परतीला बैलबंडी जुंपून उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. राहा. कॉलेजला तार मी करतो. आधी पुनाजीजवळ बोल, मग पंचायतीत. फार वर्षांमागे माझ्या चुकीच्या चिठ्ठीमुळे एका बाईच्या औषधाचं पार्सल भलत्याच गावी गेलं होतं. मी गप्प राहिलो. अजून ते मनातून जात नाही.

तुझा,
बाबा

बोरखेडी, ता. २ फेब्रुवारी १९५५

चि. गोपिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पाणी लागलं!

तू पंचायतीत बोललीस तेव्हा आनंदरावांनी चारच हात खणायची मुभा दिली होती. चार हात झाले, लाल माती काही दिसेना. लोक कुजबुजू लागले; मलाही तोंड दाखवायची चोरी झाली. पण पुनाजीनं दगडावर सब्बल मारली, कान लावला, आणि "आवाज बदलून राह्यला" म्हणत आनंदरावांनाच खाली उतरवलं. वर आले ते खणा, खणा म्हणतच. सहाव्या हाताला लाल माती, आणि तिच्याखाली पाणी असं फुटलं, की रुखमाची टोपली तरंगली. दादा रजा काढून आला होता. ओंजळभर प्याला, आणि दिसेल त्याला सांगत सुटला, की माझ्या पोरीनं चूक कबूल केली म्हणून हे झालं. मोजणीचं नाव नाही!

मोजणीत तू दोन हात चुकलीस, हे पुनाजीनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. थर सपाट नसतो, कुशीवर निजल्यावाणी कलता असतो, म्हणे. उन्हाळ्यात ते दोघं पिपरीला नवी विहीर धरणार आहेत. त्याचा निरोप जसाच्या तसा देते: "पोरीले म्हणा, जागा पह्यले तिनं दाखवावं. मंग मी दाखवन."

तर ये. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
कुंताआत्या