चार इंचांची दुमड

अण्णा, परवा मी दुबईला निघाले आहे. फिरायला नव्हे, कामाला. तिकडच्या शाळांना गणवेश पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याला आपले नमुने दाखवायचे आहेत. तुमचा लांबचा प्रवास म्हणजे सांगोल्याला भावकीतलं लग्न, तेही मुक्काम न करता. आणि मी आठवड्यात तिसऱ्यांदा बॅग भरून उपसली. पासपोर्ट पर्समध्ये आहे ना, हे तासातासाला बघते. सासूबाईंनी शर्टांच्या मधोमध शेंगाचटणीचा डबा ठेवला होता, तो मी काढला. त्यांनी तो पुन्हा ठेवला असणार, याची मला खात्री आहे. आत्ता भरदुपारी लाईट गेलीय, मशिनी बंद आहेत, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर होतात. तुम्ही गेल्यावर मी स्वतःचा काढला, बारा मशिनींचा. पण गणवेशाचं काम कसं, तुम्हाला काय सांगायचं? उन्हाळ्यात जेवायला सवड नाही आणि दिवाळीनंतर हात रिकामे. गेल्या हिवाळ्यात निम्म्या बायकांना मी घरी बसवलं. तिकडच्या शाळांचं काम मिळालं तर यंदा कुणाला तसं सांगावं लागणार नाही. बायका मला काही विचारत नाहीत, नुसत्या बघतात. त्या बघण्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

आणि नेमकी तिथंच माती खाल्ली. पहिला नमुना, शर्ट आणि पँट, मी आधीच कुरिअरनं पाठवला होता. त्या व्यापाऱ्यानं व्हिडिओ कॉल लावला, पँट उलटी केली आणि खालची दुमड कॅमेऱ्यासमोर धरली. त्याच्या कागदावर दीड इंच होती, आपण चार इंच ठेवली होती. त्यानं कपाळाला आठ्या घालून विचारलं, दिलेलं माप तुम्हाला पाळता येत नसेल तर भेटून काय उपयोग? ती शिवली होती आपल्या कारखान्यातल्या मावशींनी, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या. पण त्यांना दोष कसा देऊ? नमुना मी स्वतः टेप लावून तपासला होता. छाती, कंबर, उंची, सगळं. दुमड तेवढी मोजली नाही. दुमड चार इंचांचीच असते, ती काय मोजायची, असं माझ्या हाडीमाशी भिनलेलं आहे.

भिनवलंत तुम्हीच. सातवीच्या सुट्टीत मी तुमच्या कारखान्यात स्कर्टांना दुमड घालून द्यायला बसायची. एक दिवस मी ढीगभर स्कर्ट इंचभरच दुमडून ठेवले. मोठ्या शाळेतल्या मुलींचे तसे असतात, छान दिसतात, असं माझं म्हणणं. माझ्या स्वतःच्या स्कर्टवर जुन्या दुमडीची रेघ दिसायची आणि मैत्रिणी हसायच्या, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही टेबलाशी उभे आहात, कानाला खडू लावलेला. ढिगाकडे बघता आणि सगळे टाके उसवायला लावता. मी रडतेय, तरी उसवतेय. आवाज न चढवता तुम्ही म्हणता, "कापड वाढत न्हाय, लेकरू वाढतंय की. आईनं दुमड सोडली तर अजून एक वरीस निघतंय. ते तू कापून घेतलंस." तेव्हा राग आला होता तुमचा, फार. आज तो शब्द न् शब्द पटतो, आणि आज माझ्या तो काही कामाचा नाही.

कारण तिकडची मुलं दरवर्षी नवा गणवेश घेतात. सकाळपासून मी आणि मावशी बाकीच्या नमुन्यांच्या दुमडी उसवून दीड इंचाच्या करतोय. मावशींना हे आवडलेलं नाही. त्यांनी विचारलं, "साहेब आधी लई चिडला हुता, मग हसला कशानं? तू काय बोलली?" त्यांना इंग्रजी येत नाही. मी म्हणाले, त्याला कापडाचा रंग आवडला.

काय बोलले ते तुम्हाला सांगते. मी त्याला म्हणाले, ही चूक आमच्या जुन्या कटिंग मास्तरची आहे, म्हातारा आहे, ऐकत नाही, त्याला आम्ही कामावरून काढलं. तो लगेच निवळला, हसला. म्हणाला, चांगलं केलंत, या. फोन ठेवला आणि मला स्वतःची एवढी लाज वाटली की मावशींकडे बघवेना. ज्या तुम्ही सगळ्या हयातीत एक खाडा केला नाहीत, त्या तुम्हाला मी एका वाक्यात घरी बसवलं.

हा कागद मी कुठं पाठवणार? टेबलाच्या खणात ठेवेन. लाईट आली, मावशी हाक मारताहेत. परवा त्यानं समोर बसून पुन्हा मास्तरचं विचारलं तर खरं सांगेन, असं मनाशी दहादा घोकलंय. पण तुमच्यापाशी कशाला खोटं बोलू, अण्णा? बहुतेक पुन्हा तेच सांगेन, म्हाताऱ्याला काढलं म्हणून.