नाकाची साक्ष

प्रिय दाल्वा,

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज अचानक हे पत्र. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून कागद घेतला. आपल्या लेकीने, तामिरिसने, तिची छोटी टर्बो गाडी माझ्याकडे सोडली आहे, पेट्रोलवरून उसाच्या अल्कोहोलवर आणायला. गावाच्या चारी बाजूंना ऊस आणि ही पोरगी पेट्रोल जाळत फिरते, असं मीच तिला पाच वर्षं ऐकवत होतो. आता तिने ऐकलं, तर मला बोलायला तोंड राहिलं नाही. शनिवारी सकाळी ती गाडी न्यायला येईल. सोमवारपासून पुन्हा तेच, आपल्या नातीला मागच्या सीटवर बांधायचं, पाळणाघरात सोडायचं आणि पुढे रिबेरांवला दवाखान्यात ड्यूटीवर. तो अरुंद रस्ता तुला माहीत आहे. गाळप चालू आहे, तीन-तीन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रक पुढे रेंगाळत असतात. त्यांना ओलांडायचं म्हणजे पाय पूर्ण दाबायचा आणि समोरून कुणी यायच्या आत टर्बोच्या जोरावर निघून जायचं.

काम बहुतेक झालं आहे. मोठे इंजेक्टर बसवले, पंप बदलला, जुन्या रबरी नळ्या काढून टाकल्या. अल्कोहोल टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवतं आणि पहिल्याच आठवड्यात फिल्टर तुंबवतं, म्हणून टाकी उतरवून आधीच धुतली. ऐन हिवाळ्यात, जुलैच्या थंडीत सकाळी चालू व्हावी म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकीही बसवली. हात अजून ऐकतात. कंबर मात्र एकदा वाकली की सरळ व्हायला राजी नसते, आणि दुपारी बाकावर टेकलो की उठावंसंच वाटत नाही. राहिलं आहे ते एकच, इंजिनाला इंधन किती द्यायचं ते ठरवणं. इंधनाच्या दाबाचा स्क्रू अर्धा फेरा जास्त झाला, तर गाडी नुसती पीत राहते. अर्धा फेरा कमी पडला, तर टर्बो जोरात आला की पिस्टनला भोक पडतं आणि इंजिन जागच्या जागी मरतं. पाच दिवस झाले, गाडी उभी आहे आणि त्या स्क्रूला मी हात लावलेला नाही.

हे काम मी कसं करायचो ते तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. सायलेन्सरमागे उकिडवं बसायचं, धूर नाकात घ्यायचा, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं आणि सांगायचं, पाव फेरा सोड. लोक लांबून यायचे या नाकासाठी. मग तू ते यंत्र आणलंस, नळीत खुपसलं की आकडा दाखवणारं. मी चारचौघांत म्हणालो, “नाक खुपसायला मी आहे की, डबा कशाला?” पहिल्या तीन गाड्यांना डब्याचा आकडा आणि माझं नाक जुळलं, तर मी ते गावभर सांगत सुटलो. तू एवढंच म्हणालीस, “नाकाने कांदे सोलू नकोस आन्सेल्मो. डबा बरोबर निघाला म्हणून तू चुकीचा ठरत नाहीस.” मला ते कळलं नाही. तू काम्पिनासला स्वतःचं गॅरेज काढलंस. तू गेलीस ती डब्यापायी नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

इकडची खबर म्हणशील तर विशेष काही नाही. घेवडा दोनदा चुलीवर करपला. दुसऱ्यांदा शेजारची जांदिरा भिंतीवरून ओरडली, “अहो, घर जाळताय की काय? धूर दिसत नाही, निदान वास तरी?” केस कापायला गेलो तेव्हा मी सहज म्हणालो, यंदा कारखान्याने मळीचा बंदोबस्त चांगला केलाय. न्हावी कात्री थांबवून माझ्याकडे बघत राहिला. दुकानातले दोघं जण नाकाला रुमाल लावून बसले होते.

आणि वाल्देसिरची पिकअप. मीच तिला मे महिन्यात अल्कोहोलवर आणली होती. तीन आठवड्यांत पिस्टनला भोक पडलं. तो टाकीतलं अल्कोहोल बाटलीत भरून घेऊन आला, मागे दहाबारा माणसं. “आन्सेल्मो, तुम्हीच सांगा, ओलिंतोने पंपावर याचा बाप्तिस्मा केलाय की नाही? पाणीच घातलंय ना?” मी बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणालो, “निम्मं पाणी आहे.” ओलिंतो बिचारा सगळ्यांना पंपावर घेऊन गेला, काचेच्या नळीत तरंगणारी कांडी दाखवली. कांडी बरोबर जागेवर होती, म्हणजे पाणी नव्हतं. पण कांडीकडे कोण बघतो? आन्सेल्मोचं नाक बोललं होतं. दोन महिन्यांपासून ओलिंतोच्या पंपावर चिटपाखरू नाही. मला पाहिलं की तो दुसरीकडे तोंड फिरवतो, आणि मी त्याला दोष देत नाही.

दाल्वा, त्या बाटलीला कसलाच वास नव्हता. पाण्याचा नाही, अल्कोहोलचाही नाही. महामारीत ताप आला होता ना, तेव्हा नाक गेलं ते परत आलंच नाही. वाल्देसिरचा स्क्रू मी अंदाजाने फिरवला होता, इंजिन मी मारलं आणि नाव ओलिंतोचं खराब केलं. दोन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, आणि आता लपवता लपवता दमलो. परवा नातीला कडेवर घेतलं, तिच्या केसांत नाक घातलं, काहीच नाही. ती मात्र गुदगुल्या झाल्या म्हणून हसत होती. म्हणून नाक मुठीत धरून तुला लिहितो आहे. तुझा डबा घेऊन ये आणि या गाडीचा स्क्रू तू फिरव. ओलिंतोकडे मी जाईन, ते माझं मी बघतो. पण तू शुक्रवारच्या आत ये. शनिवारी तामिरिस मुलीला घेऊन दारात उभी राहील, विचारेल, “पप्पा, वास घेऊन बघितलात ना?” आणि मी हो म्हणेन. मी स्वतःला ओळखतो.

तुझा, म्हणजे अजून तसं लिहिता येत असेल तर,
आन्सेल्मो