अर्जात राहिलेला काना

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. इथे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि दादा. तुझा खांदा अजून दुखतो का? नव्या गावात पोहण्याच्या तलावावर बायकांचे वर्ग तूच घेतेस, असं कानावर आलं. पाण्याला घाबरणाऱ्या बायका तुझ्या एका हाकेत उतरत असतील.

चार वर्षांनी पत्र, तेव्हा कारण सांगायला हवं. टीव्हीवरच्या एका वाहिनीने नव्या लेखकांकडून नाटकं मागवली आहेत. तासाभराचं, आधी कुठेही न झालेलं. दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी अर्ज भरायला घेतला आणि वर लिहिलं, 'प्रति, वहिनी'. एक काना राहिला. दुरुस्त करायला पेन उचललं आणि तशीच बसून राहिले. मालकांनी विचारलं, "अर्ज अडला का?" म्हटलं, "नाही, दुसऱ्याच पत्त्यावर गेलाय."

आपलं नाटक आठवतं ना? थंडीत इथला पोहण्याचा तलाव रिकामा करायचे आणि आपण दोघी कोरड्या तळाशी, निळ्या फरशीवर पाठ टेकून पडायचो. तू म्हणायचीस, पाणी गेलं तरी इथे माणूस हळूच चालतो बघ. तिथेच ती राखणदारीण जन्मली, रिकामा तलाव राखणारी. लोक शिडी उतरून तिच्यापाशी मनातलं बोलायला यायचे, आणि बोललेलं वरच्या आभाळापर्यंत घुमत जायचं. तू सगळ्यांचे आवाज काढायचीस, मी वहीत उतरवून घ्यायचे. आणि तो एक माणूस, रोज येऊन खोल टोकाला बसणारा. त्याच्या वाक्याची पाळी आली की तू म्हणायचीस, "राहू दे, तो बोलत नाही." आपण हसायचो. मी जरा जास्तच हसायचे.

दुकानात चष्म्याच्या काचा घासताना मी अजूनही तिथेच असते. घासलेली काच खिडकीपाशी डोळ्यासमोर धरली की रस्ता विरघळतो, समोरची इमारत पाण्यात उभी असल्यासारखी हलते, आणि तुझा आवाज येतो, कधी राखणदारणीचा, कधी त्या चिडक्या पोस्टमनचा. परवा एका गिऱ्हाइकाने मला तीन हाका मारल्या म्हणे.

तर मी वही काढली, त्या न बोलणाऱ्या माणसाला एक घर दिलं, बायको दिली, एक बहीणही दिली, दहा दिवसांत नाटक पुरं केलं आणि वाहिनीच्या माहिती-सभेला गेले. चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल, आणि शेजाऱ्याच्या फायलीकडे आपण बघतच नाही असा चेहरा. संहिता वाचणाऱ्या बाईंनी माझी पानं चाळली. म्हणाल्या, "छान आहे. पण ही बहीण. अठराव्या पानापर्यंत नुसती बडबडते. मग घरची मंडळी जमतात आणि ही कप उचलत राहते. हिला काय झालं?"

"तिला काम असतं," मी म्हटलं.

"काम सगळ्यांनाच असतं. हिला काहीतरी माहीत आहे."

मी घरापर्यंत चालत आले, वहिनी.

आता लिहितेच. तू वेगळं व्हायचं म्हणालीस त्या दिवशी बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. काकांनी तुला विचारलं, "मारतो का? पितो का? मग झालंय तरी काय?" तू म्हणालीस, "तो बोलत नाही. महिना महिना बोलत नाही." कुणीतरी हसलं. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. "तू सांग. तू तर याच घरात वाढलीस." आणि मी कप गोळा करत म्हटलं, "दादा स्वभावानेच शांत आहे."

मी नऊ वर्षांची असताना त्याची सायकल माझ्या हातून पडली होती. पुढची अख्खी सुट्टी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी रोज त्याच्या दाराशी जाऊन माफी मागायचे आणि तो माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचा. काही दिवसांनी मला वाटायला लागलं, मी खरंच दिसत नसेन. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही. त्या खोलीत 'माझ्याशीही तो असाच वागला' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी ते गिळलं, कारण तू गेल्यावर त्याच्याबरोबर मलाच राहायचं होतं.

मग मी अठराव्या पानावरचं ते दृश्य नव्याने लिहिलं. बहीण कप खाली ठेवते आणि सांगते. गेल्या आठवड्यात सकाळी दादाला स्वयंपाकघरात बसवून ते वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. उठला, दार लोटून निघून गेला, आणि अबोला सुरू झाला. या वेळी मी मनधरणी केली नाही. जेवले, गुणगुणले, कामावर गेले. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या दिवशी माझ्या हातून एका आजोबांची काच तडकली. तू हे पाच वर्षं कसं काढलंस?

काल, आठव्या दिवशी, मी भांडी घासत असताना तो मागे येऊन उभा राहिला.

"तिला पाठवणार?"

"हो."

मी नळ बंद केला. मग तो म्हणाला, "त्या माणसाला शेवटी एक वाक्य द्या."

"कोणतं?"

"मला येत नाही," दादा म्हणाला. "तिला विचार."

मी त्याची वकिली करत नाही, वहिनी. एकदा केली तेवढी पुरे. घडलं ते कळवलं. शेवटच्या पानावर चार ओळींची जागा सोडली आहे. तुला वाटलं तर भर. नाहीतर तो माणूस गप्पच राहील, आणि नाटक तसंही उभं राहतं.

सोबत नाटक आणि अर्ज आहे. लेखक म्हणून दोघींची नावं घातली आहेत, तुझं आधी. सही लागेल. मुदत महिनाअखेरची. मधे एकदा फक्त माझ्या नावाचा अर्जही भरून पाहिला होता. दिवसभर पिशवीत घेऊन फिरले आणि संध्याकाळी फाडला. तुझी सही आली नाही तर मी नाटक पाठवणार नाही. मग तू अठरावं पान तेवढं ठेवून घे. ते तुला चार वर्षांपूर्वी तोंडी द्यायचं होतं.

पत्राखाली स्वतःला काय म्हणावं ते कळेना, म्हणून कोर्टाचा कागद काढून पाहिला. तुझं आणि दादाचं नातं संपल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुझ्यामाझ्याबद्दल एक ओळही नाही. मी दोनदा वाचला.

तेव्हा अजूनही,
तुझी नणंद